चाकांवरचे बिऱ्हाड

प्रवासाचा इतिहास लिहिणारे रस्त्यांविषयी लिहितात, वाहनांविषयी लिहितात, फार झाले तर धर्मशाळांविषयी लिहितात. परंतु प्रवासी रात्री कोठे निजला, पाणी कोणाच्या विहिरीचे प्याला आणि ते त्याला कोणी दिले, हे प्रश्न ते सहसा विचारीत नाहीत. दिवस कसाही निघून जातो. खरी अडचण सूर्य मावळल्यावर उभी राहते. ही अडचण टाळण्यासाठी माणसाने जी युक्ती काढली ती म्हणजे घरच बरोबर घेऊन निघण्याची.

हल्ली मोठ्या शहरांत ‘कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्परव्हॅन’ भाड्याने मिळते. मोठ्या मोटारीत निजण्याच्या फळ्या, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, क्वचित शौचकूपसुद्धा. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांतून ती घ्यायची, चार दिवस हिंडायचे आणि परत नेऊन द्यायची. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र पर्यटन धोरण आखले आणि अशा गाड्या उभ्या करण्यासाठी वीज, पाणी व मैला काढण्याची सोय असलेल्या जागा असाव्यात असे ठरविले. ही सर्व नवलाई पश्चिमेकडून आली अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

पश्चिमेचा भाग आधी सांगून टाकतो. इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाचा आरमारातून निवृत्त झालेला डॉक्टर होता. त्याने 1885 मध्ये ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून घोड्यांनी ओढायचे एक प्रशस्त घर बांधवून घेतले, त्याला ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या असे नाव दिले आणि देशभर सफर केली. निव्वळ मौजेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे मोटारी आल्या, आणि 1951 च्या सुमारास जर्मनीत फोक्सवॅगनच्या डबेवजा गाडीत वेस्टफालिया कारखान्याने बिछाना व कपाटे बसविली, तेव्हा ही मौज मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. परंतु स्टेबल्सने ज्या नमुन्यावर आपले घर बांधले तो त्याचा नव्हता. त्या देशात रोमानी लोक त्याच्याही आधीपासून चाकांच्या घरांत राहत होते, आणि गावोगावचे शिपाई त्यांना गावाबाहेर पिटाळीत होते. डॉक्टरसाहेबांची गाडी मात्र कुरणात उभी राहिली की गावकरी कौतुकाने पाहायला जमत. घर तेच, चाके तीच. आत कोण बसले आहे यावर स्वागत ठरत असे.

आपल्याकडे काही निराळे घडले नाही. कॅराव्हॅन हा शब्द मुळात फारसी ‘कारवाँ’. आणि कारवाँ म्हणजे तांडा. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत जात. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना रसद पुरविणारे तेच. बायकामुले, भांडीकुंडी, सारा संसार त्यांच्याबरोबर चाले. रेल्वे नागपुरास 1867 मध्ये पोचली, आणि जसजशा तिच्या फांद्या फुटत गेल्या तसतसा त्यांचा धंदा बसत गेला. त्यात 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ज्यांचे घर एका जागी नाही अशा जमातींकडे सरकार संशयाने पाहू लागले. कित्येकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. परंतु संशय कायद्याबरोबर रद्द होत नाही. फिरते घर हा एके काळी गुन्ह्याचा पुरावा मानला जाई आणि आज त्याच्यासाठी सरकारी धोरण आहे, हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

त्याच काळात दुसरे एक फिरते घर मोठ्या इतमामाने आमच्या मुलखात येत असे, ते म्हणजे साहेबाचा कॅम्प. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला आणि 1861 मध्ये मध्य प्रांतात आला. हिवाळा सुरू झाला की अधिकारी तंबू, पलंग, मेजे, खुर्च्या गाड्यांवर लादून दौऱ्यावर निघत. चामोर्शीजवळच्या मार्कंड्याची देवळे पाहून त्यांचे वर्णन लिहिणारा अलेक्झांडर कनिंगहॅम 1873 ते 1875 या वर्षांतल्या अशाच दौऱ्यांवर होता. त्याच्या अहवालात देवळांची मापे आहेत, मूर्ती आहेत, शिलालेख आहेत. अशा दौऱ्यांचे सामान वाहणारे बैल कोणाचे, त्यांना चारा कोणी घातला, हे अहवालांत फारसे येत नाही. गाड्या गावातून मागविल्या जात, आणि त्या काळी मागविणे आणि वेठीला धरणे यांतले अंतर फार थोडे होते.

आता भाड्याच्या गाडीकडे येतो, कारण माझा खरा विषय तोच आहे. आमच्या झाडीपट्टीत बैलगाडीला बंडी म्हणतात. सधन घरी छत घातलेली दमणी असे. इतरांचे काम बंडीवरच भागे, आणि जिच्या घरी बंडीही नव्हती ती माणसे भाड्याने घेत. जिल्हा तेव्हा चांदाच होता. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात कित्येक दशके वडसा हे एकच रेल्वे स्टेशन होते. तेव्हा लग्न असो, मंडई असो की मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा असो, बंडीशिवाय गत्यंतर नव्हते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे बैल नव्हते. जत्रेसाठी बाबा गावातल्याच एका शेतकऱ्याची बंडी ठरवीत. भाडे धानात द्यायचे आणि दोन्ही वेळचे जेवण आमच्याकडे, असा करार. बंडीत तणसाचा जाड थर, त्यावर सतरंजी. वर बांबूच्या कमचा वाकवून चटई बांधलेली. खाली आखाला कंदील टांगलेला आणि त्याच्या शेजारी वंगणाचे नळकांडे. चामोर्शीहून मार्कंडा काही फार लांब नाही. परंतु लोक दोन-तीन रात्री मुक्कामाला जात. वैनगंगा तेथे उत्तरेकडे वळते म्हणून स्थान पवित्र, आणि नदीच्या पलीकडूनही बंड्या येत. बैल सोडायचे, जू टेकवून बंडी उतरती करायची, चटईखाली बायकामुलांनी निजायचे, पुरुषांनी चाकांपाशी. तीन दगडांची चूल पेटली की संसार मांडला. शेजारच्या बंडीतून मीठ मागायचे, त्यांनी विस्तव मागायचा. सकाळपर्यंत दोन घरांत कोणाची मुलगी लग्नाची आहे हेही कळलेले असे. पुढे शंकरपट पाहायला आणि त्यानंतर रात्रभर चालणाऱ्या नाटकाला गेलो तेव्हाही हेच पाहिले. झाडीपट्टीच्या रंगभूमीला जो प्रेक्षक मिळाला त्यातला पुष्कळसा बंडीत बसून आला, आणि पहाटे बंडीतच झोपून परत गेला.

भाड्याच्या बंडीचे एक वैशिष्ट्य असे की तिचा धनी तिच्याबरोबर येई. कोणत्या नाल्याला उतार आहे, कोठे चारा मिळेल, कोणत्या गावी कोणाचे सोयरे आहेत, हे सारे त्याला ठाऊक. “बापू, बैल थकले, आता इथंच सोडू,” असे तो म्हणाला की मुक्काम ठरला. म्हणजे भाडे आपण बंडीचे देत असू, पण त्यात वाटेची ओळखही मिळे.

येथवर लिहिले आणि हात आखडतो. कारण असली वर्णने आपल्या दिवाळी अंकांतून पुष्कळ येतात आणि शेवटी ‘गेले ते दिवस’ असा उसासा टाकून संपतात. मला तो उसासा टाकता येत नाही. त्याचे कारण 1901 सालची एक रात्र होय.

त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नऊ-दहा वर्षांचे होते. वडील सातारा जिल्ह्यातच, खटाव तालुक्यात रोखपाल होते. सुटीत त्यांच्याकडे जाण्यासाठी घरातली मुले सातारहून रेल्वेने मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनवर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या; परंतु मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर एक जण तयार झाला. तीन तासांची म्हणून सांगितलेली वाट रात्रीत संपली नाही. टोलनाक्यावर पाणी मागितले, ते मिळाले नाही. बैल सोडले, गाडी उतरती केली आणि तिच्या फळ्यांवर अंथरूण पसरून मुले निजली. जवळ भरपूर जेवण होते. पाणी नव्हते म्हणून उपाशी निजली. हे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

आमच्या जत्रेतली बंडी आणि मसूरची गाडी या एकाच जातीच्या गाड्या. दोन्ही भाड्याच्या, दोन्ही रात्री जू टेकवून उतरत्या केलेल्या, दोन्हींत मुले निजलेली. आम्ही शेजारी पाणी मागत होतो आणि ते मिळत होते. म्हणून मागण्यात आम्हांला आपुलकी दिसली. ज्याला नकार मिळाला त्याला तेच मागणे विषासारखे वाटले असेल. आमच्या जत्रेतसुद्धा काही बंड्या थोड्या दूर, नदीच्या खालच्या अंगाला सुटत. त्या तेथे का सुटतात हे लहानपणी मी विचारले नाही, आणि मोठ्यांनी सांगितले नाही.

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या बायकामुलांसह आला. पुण्याहून नागपुरास उतरला, तेथून अशी एक गाडी भाड्याने घेतली आणि मूल, सावली, व्याहाड करीत, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीमार्गे चामोर्शीस पोचला. गाडी माझ्या अंगणात चिंचेखाली उभी राहिली. घरात खोल्या असून मुले गाडीतच निजणार म्हणून हटून बसली. माझ्या पत्नीला प्रथम वाईट वाटले. दारी येऊन पाहुणे घरात निजत नाहीत, हा काय प्रकार? मी आत चढून पाहिले. सारे काही जागच्या जागी. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी होती. पुतण्या म्हणाला, “काका, ही भरून घेतली की दोन दिवस कोणाकडं काही मागायला नको.”

त्याने हे सहज म्हटले. माझे लक्ष मात्र त्या टाकीवरून हलेना. मसूरच्या वाटेवर गाडीत एवढे पाणी असते तर! कोणाकडे काही मागावे न लागणे याला आपण जुनी माणसे माणूसघाणेपणा म्हणतो. पण ज्याला शतकानुशतके मागावेच लागले त्याच्या दृष्टीने ते स्वातंत्र्य आहे. आजही अमुक आडनावाला खोली नाही, अमुक आहाराला घर नाही, असे सांगणारे घरमालक शहरांतून आहेत. अशा जगात चार चाकांवर स्वतःचे छप्पर, स्वतःचा विस्तव आणि स्वतःचे पाणी असणे ही केवळ चैन आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच गाडीतून मार्कंड्यास गेलो तेव्हा एक उणीव जाणवल्यावाचून राहिली नाही. बंडीचा धनी बंडीबरोबर येई; या गाडीचा धनी नागपुरास राहिला होता आणि वाट फोनमधल्या नकाशावरून कळत होती. मुलांनी देवळांवरचे शिल्प पाहिले, नदी पाहिली. गावातल्या कोणाशी बोलण्याचा प्रसंगच आला नाही. संध्याकाळी सांडपाणी कोठे सोडायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा मात्र माणसाची गरज पडली. नदीकाठी ते सोडणे कोणालाच बरे वाटेना. शेवटी घरी परतून आमच्या परसातल्या शोषखड्ड्यापाशी ते काम उरकले. शेजारचा म्हातारा बैल बांधता बांधता पाहत होता. त्याने गाडीचा टायर हाताने दाबून पाहिला आणि मुलांना विचारले, “याची धाव किती वर्षं टिकते?” मुलांना धाव म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मग त्याने आपल्या बंडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी दाखविली, ती तापवून कशी चढवितात ते सांगितले, आणि अर्धा तास मुले तेथून हलली नाहीत.

पाणी मागावे लागू नये आणि वाट मात्र विचारावी, एवढाच या इतिहासाचा मला लागलेला अर्थ आहे. गरजेपोटी होणारी ओळख एकाला गोड आणि दुसऱ्याला कडू असते. गरज नसताना मुद्दाम केलेली ओळख दोघांना सारखीच असते. अशा गाड्यांसाठी उद्या मार्कंड्याला किंवा आणखी कोठे जागा आखल्या जातील. तेथे विजेचे खांब असावेत, नळ असावेत, सांडपाण्याची व्यवस्था असावी. आणि त्या जागेची देखरेख गावातल्याच माणसांकडे असावी. नाल्याचा उतार, चारा आणि सोयरे माहीत असलेला कोणीतरी तेथे बसलेला असला पाहिजे. आणि त्या रस्त्याने एखादे पाल, एखादे भटके बिऱ्हाड आले, तर शिपायाने त्यालाही तेथला नळ दाखवावा.