अंगणवाडी: खिचडीच्या आधीची गोष्ट

जून जवळ आला की आपल्याकडे घराघरांत एकच चर्चा. पोराला केजीत घालायचं की अंगणवाडीत? आणि बहुतेक वेळा अंगणवाडीचा निकाल एका वाक्यात लागतो: "तिथं काय, खिचडी खाऊन पोरं घरी येतात."

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ज्या कल्पनेला आपण खिचडीपुरतं आणून ठेवलंय, ती आपल्याच जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला वाढली. सरकारी योजना येण्याच्या तीस वर्षं आधी. ती गोष्ट आपल्या पोरांना सोडाच, आपल्यालाही नीट माहीत नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. चांगली नोकरी, मान. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, लहान मुलांच्या शिक्षणाचं काम शिकायला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. पण ही सगळी शहरातली, बऱ्या परिस्थितीतली मुलं. माँटेसरीची साधनं महाग. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी इथेच काढलं.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. आपण असतो तर काय म्हटलं असतं? "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." या दोघींनी तसं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, असं ठरवलं आणि वस्तीतल्याच अंगणात बालवाडी भरवली. अंगणात भरते ती अंगणवाडी. नाव इतकं साधं आहे.

तिथे चालायचं काय? आधी हातपाय धुणं, नखं, केस. मग खेळ, गाणी, गोष्टी. साधनं विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. आता विचार करा. मूल शिंपले लहान-मोठे लावतं तेव्हा ते मोजमाप शिकतं. बिया वेगळ्या करतं तेव्हा वर्गीकरण शिकतं. गोष्ट ऐकून स्वतःच्या बोलीत परत सांगतं तेव्हा भाषा शिकतं. पाटी-पेन्सिल नंतर. आपल्याला हे 'नुसतं खेळणं' वाटतं, कारण वहीत काही दिसत नाही.

पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे आणखी अडचणी. मुलगा गुरं राखायला जातो, तर त्याच्यासाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथेच शिकणं. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसते, तर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली शाळेत, आणि आई निवांत कामावर. या योजनेत पाळणाघर ही दया नव्हती. ते नसेल तर थोरली शाळेत येऊच शकत नाही, इतका सरळ हिशेब होता. मुलाला शिकवायचं तर त्याच्या घराचा विचार करावा लागतो, हे या बायकांना अनुभवातून कळलं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. देशात पहिले ३३ प्रकल्प. योजनेत सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याची माहिती, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कागदावर बघाल तर कोसबाडचाच विचार: मूल आणि घर एकत्र.

पण झालं काय, तर जे मोजता येतं ते वर आलं. वजन, धान्य, लसीची तारीख, रजिस्टर, आणि आता मोबाईलमधलं पोषण ट्रॅकर. हे सगळं गरजेचंच आहे, कुपोषण आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पण गोष्ट सांगितली का, मुलं किती वेळ खेळली, याला रकाना नाही. सहावी सेवा यादीत शेवटी होती आणि शेवटीच राहिली.

दुसरी गोष्ट नावाची. काम करणारी बाई 'सेविका', तिला मिळतं ते 'मानधन'. सेवा म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. २०१८ मध्ये वाढ होऊन केंद्राच्या हिशेबातलं मानधन झालं सेविकेला महिना ४,५०० रुपये, मदतनीसाला २,२५०. राज्य त्यात भर घालतं, तरी ते मानधनच. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारलं, "एवढं काय काम असतं यांना?"

आपण ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण दिलं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. त्यांचंच काम रोज करणाऱ्या बाईला मात्र आपण खिचडीवाली समजतो.

आणि गंमत बघा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की तीन ते आठ वयाच्या मुलांना खेळातून, कृतीतून शिकवा. म्हणजे बोर्डीच्या अंगणात शिंपले घेऊन चालायचं तेच. आणि आपण फी भरून तीन वर्षांच्या पोराला चार रेघी वहीत कोंबतोय.

केजीत घालणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, प्रत्येकाला आपल्या लेकराची काळजी असते. पण येत्या ग्रामसभेत गटार-रस्त्यासोबत चार प्रश्न अंगणवाडीचेही विचारू. खोली धड आहे का? पाणी, संडास आहे का? खेळायचं साहित्य कपाटात आहे की मुलांच्या हातात? सेविकाताईंना शिकवायला किती वेळ उरतो, आणि बाकीचा कशात जातो?

आणि उत्तर मागायचं ते ताईंकडून नाही. ते पंचायतीकडून आणि प्रकल्प कार्यालयाकडून मागायचं. ताई तर रोज तिथे हजर असतातच.