उतारवयातील नैराश्य आणि स्मृतिभ्रंश : एका अभ्यासक्षेत्राची ओळख

उतारवयातील नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे. या पुस्तकाचा वाचक मनोविकारशास्त्राचा विद्यार्थी असेल, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर असेल, किंवा घरातल्या सासऱ्यांचे सारे काही करता करता मनात प्रश्न उभे राहिलेली सून असेल. तिघांनाही येथे जागा आहे. किंबहुना तिघे एकत्र आल्याशिवाय या विषयातले कोडे सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोडे असे की हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात, एकाच माणसात एकत्र नांदतात आणि पुष्कळदा एक दुसऱ्याच्या आधी येतो. त्यामुळे ‘हे नैराश्य की स्मृतिभ्रंश?’ असा प्रश्न विचारून आपण मोकळे होतो, तिथेच खरी चूक होते.

बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणारे चित्र पाहू. सत्तरी ओलांडलेल्या आईला मुलगा घेऊन येतो. “आई हल्ली सगळं विसरते,” असे तो सांगतो. दूध उतू जाते, गॅस चालू राहतो, औषधाची गोळी दोनदा घेतली जाते. आई खाली बघत बसलेली असते. आज वार कोणता, असे विचारले तर “ठाऊक नाही” म्हणून गप्प होते. थोडा वेळ दिला, हलकेच आग्रह केला, की बरोबर उत्तर येते. तिच्यामागून आलेल्या दुसऱ्या आईला तोच प्रश्न विचारावा. ती हसते, “आता आम्हाला काय करायचेत वार!” म्हणते, चुकीचा वार सांगते आणि खात्रीसाठी मुलाकडे मान वळवते. पहिलीला आपल्या विसरण्याचे फार दुःख असते. दुसरीची स्वतःची तक्रारच नसते, तक्रार घरच्यांची असते. पहिलीच्या वागण्यातून नैराश्याची शंका घ्यावी, दुसरीच्या वागण्यातून स्मृतिभ्रंशाची, असे विद्यार्थ्यांना शिकवले जाते. खूण उपयोगाची आहे, पण तिच्यावर निदान उभे करता येत नाही. कारण जिला दोन्ही आजार आहेत अशी तिसरी आईही बाहेर त्याच बाकावर बसलेली असते.

घरात दिसणाऱ्या खुणाही नीट वाचाव्या लागतात. वर्षानुवर्षे संध्याकाळी हरिपाठ म्हणणाऱ्या आजी तो म्हणेनाशा झाल्या, तर शेजारी बसून पहिला अभंग सुरू करून द्यावा. लहानपणापासूनचे पाठांतर स्मृतिभ्रंशातही बराच काळ टिकते. आजींनी पुढचे चरण सहज म्हटले, तर पाठांतर शाबूत आहे आणि हरपली आहे ती सुरुवात करण्याची इच्छा, एवढे कळते. आता पुढचा प्रश्न विचारायचा: या इच्छाहीनतेत दुःख आहे का? मनात अपराधीपणा, हताशा, ‘मी सगळ्यांना ओझं झाले’ ही भावना असेल, तर नैराश्याकडे लक्ष द्यावे. दुःख नाही, आनंदही नाही, नुसती अनास्था आहे, तर ती स्मृतिभ्रंशाचाच भाग असू शकते. “आता देवानं न्यावं” हे वाक्य तर आपल्या घरांत इतके ऐकू येते की ते कोणी मनावर घेत नाही. ते घ्यावे. जीव नकोसा झाला आहे का, तसे काही करावेसे वाटते का, हे वृद्धांना शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही.

या क्षेत्राचा इतिहास आशेने सुरू झाला. १९६१ साली लेस्ली किलोह या मनोविकारतज्ज्ञाने ‘स्यूडोडिमेन्शिया’ या विषयावर निबंध लिहिला. स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे काही रुग्ण प्रत्यक्षात नैराश्यासारख्या, बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराने ग्रासलेले असतात, हे त्याने ठळकपणे मांडले. त्यामुळे अनेक वृद्धांवरचा ‘असाध्य’ हा शिक्का पुसला गेला. पण नैराश्य बरे झाले आणि स्मृती परतली की प्रकरण संपले, असाही समज रूढ झाला. १९९३ साली जॉर्ज ॲलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी या समजाला धक्का दिला. ज्यांची स्मृती नैराश्यात ढासळली होती आणि उपचारांनी सुधारली होती, अशा वृद्धांचा त्यांनी पुढची सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला. त्यांतल्या ४३ टक्के लोकांना पुढे खरा स्मृतिभ्रंश झाला. ज्यांना केवळ नैराश्य होते त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के होते. अभ्यास ५७ रुग्णांचा, म्हणजे लहानच. पण त्यानंतर ‘बरा झाला’ असे म्हणून रुग्णाला निरोप देणे कोणाही जाणत्या डॉक्टरला सोपे राहिले नाही.

मग नैराश्यामुळे स्मृतिभ्रंश होतो का? यावर आज तीन मते आहेत आणि नव्या अभ्यासकाने तिन्ही समजून घ्यावीत.

पहिले मत असे की नैराश्य हे कारण आहे. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि नव्या आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पस या भागाला ते बाधते, असे मानले जाते. डेन्मार्कमधील १४ लाखांहून अधिक नागरिकांच्या नोंदींवर आधारलेला, २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाजूला बळ देतो. तरुणपणी, मध्यमवयात वा उतारवयात, केव्हाही नैराश्याचे निदान झालेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून अधिक आढळला.

दुसऱ्या मतानुसार नैराश्य ही नांदी आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या अभ्यासात दहा हजारांवर लोकांची २८ वर्षांची माहिती तपासली गेली. २०१७ साली आलेला निष्कर्ष असा, की मध्यमवयातील नैराश्याच्या लक्षणांमुळे धोका वाढलेला दिसला नाही. पण ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांच्यात ही लक्षणे निदानाच्या सुमारे ११ वर्षे आधीपासून चढत गेली होती. म्हणजे मेंदूतील बिघाड आधी सुरू झाला आणि उदासी ही त्याची पहिली दिसलेली खूण होती.

तिसरे मत दोन्हींचे मूळ एकच मानते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. त्यातून विचारांची गती मंदावते, कामाची आखणी जमत नाही आणि मनही खचते. १९९७ साली मांडलेली रक्तवाहिनीजन्य नैराश्याची कल्पना हीच. रक्तदाब आणि साखर घरोघरी पोहोचलेल्या आपल्या समाजाने या मताकडे विशेष लक्ष द्यायला हवे. माझ्या मते या तिन्हींपैकी एकच खरे ठरेल, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळी वाट असते आणि काहींत तिन्ही एकत्र येतात.

उपचारांच्या बाबतीतही हे क्षेत्र नम्र व्हायला शिकवते. इंग्लंडमध्ये अल्झायमर आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ३२६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची नेहमीची औषधे निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. सुधारणा तिन्ही गटांत झाली. एवढ्यावरून औषधे सरसकट टाकून द्यायची नाहीत. पण औषधाची चिठ्ठी लिहिली की काम झाले, असेही मानायचे नाही. ॲमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे तर वृद्धांची स्मृती आणखी बिघडवू शकतात. कोणतेही औषध सुरू करण्याआधी थायरॉइड, बी-१२, ऐकू येणे आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या तपासणे ही पहिली पायरी कोणीही चुकवू नये.

आता आपल्या मातीकडे. ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यात अडचण कोणती, हे विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातील अभ्यासात दाखवले. लोकांना नैराश्य आणि स्मृतिभ्रंश या दोन्ही अवस्था ओळखू येत होत्या. पण त्या आजार वाटत नव्हत्या. ते म्हातारपणच समजले जाई, किंवा मुलांनी हेळसांड केल्याचे फळ. हा दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. आईचा आजार हा मुलावरचा आरोप ठरणार असेल, तर मुलगा तो लपवणारच.

उत्तराची दिशाही गोव्यानेच दाखवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ८१ रुग्णांच्या कुटुंबांबरोबर केलेल्या चाचणीत, घरी जाऊन सल्ला देणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे काळजीवाहकांच्या मनावरचा भार हलका झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ वृद्धांपैकी निम्म्यांना मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी मदत केली: अडचणी एकेक करून सोडवणे, झोपेची घडी बसवणे, मधुमेहासारख्या आजारांची काळजी घेणे, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे. वर्षभरात त्यांच्यापैकी ४.४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १४.४ टक्के होते. मोठी यंत्रसामग्री नसतानाही हे साधले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘अस्तु’ या चित्रपटातून स्मृतिभ्रंश आणि ‘कासव’ या चित्रपटातून नैराश्य मराठी प्रेक्षकांसमोर आणले. या दोन विषयांवर उघडपणे बोलायची आपली तयारी आहे, याची ती साक्ष. आता दोन्ही एकाच वृद्धात शोधायची सवय लावून घ्यायची आहे.

या पुस्तकाच्या वाचकाला म्हणूनच माझी आग्रहाची विनंती आहे. ‘वय झालंय’ हे निदान म्हणून स्वीकारू नका. विसरणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे मन कसे आहे ते विचारा आणि खचलेल्या प्रत्येक वृद्धाची स्मृती तपासा. नैराश्य सापडले तर पूर्ण उपचार करा. ते बरे झाले तरी वर्षातून एकदा स्मृतीची तपासणी होईल असे पाहा. आणि तपासणीला आलेल्या मुलाला किंवा सुनेला, “तुम्ही कसे आहात?” हे विचारल्याशिवाय परत पाठवू नका.