दाता, आश्रयदाता आणि नियामक मंडळ : अक्कलकोटच्या एका महाविद्यालयाच्या नावावरून

अक्कलकोट येथील महाविद्यालयाचे पूर्ण नाव एका श्वासात उच्चारणे अवघड आहे. ‘सी. बी. खेडगी यांचे बसवेश्वर विज्ञान, राजा विजयसिंह वाणिज्य आणि राजा जयसिंह कला महाविद्यालय’ असे ते आहे. व्यवहारात त्यातील ‘खेडगी’ एवढाच शब्द पुरतो. तथापि अभ्यासकाने अशा नावाकडे शिलालेखाप्रमाणे पाहावे. एक नागरी घराणे, बाराव्या शतकातील एक धर्मसुधारक आणि राजकुळातील दोन पुरुष एकाच फलकावर का यावेत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी शिक्षणसंस्थांना पैसा कोठून मिळाला आणि त्याबरोबर अधिकार कोणाकडे गेला, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक अंग आहे.

अक्कलकोट हे लहान संस्थान होते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 498 चौरस मैल आणि 1901 च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या 82,047 होती. सातारच्या शाहू छत्रपतींनी पुत्रवत् वाढविलेले फत्तेसिंह भोसले हे या घराण्याचे मूळ पुरुष. संस्थानी अमलात शाळेचा खर्च दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असे. अधिपती अल्पवयीन असताना, आणि असे प्रसंग येथे एकाहून अधिक वेळा आले, ही मर्जी इंग्रज सरकारने नेमलेल्या कारभाऱ्याची असे. वर्गणी मागणे नाही, हिशेब छापणे नाही, मंडळाची सभा तर नाहीच. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही व्यवस्था संपली. पुढे सरकारी अनुदान मिळू लागले. परंतु जागा, इमारत आणि दरवर्षीची तूट यांची तजवीज संस्थेलाच करावी लागे. त्यासाठी नोंदलेली संस्था, तिची घटना आणि तिचे मंडळ अपरिहार्य झाले.

या मंडळाचा नमुना महाराष्ट्रात पूर्वीच घडलेला होता. 1884 मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढील वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. त्याला नाव मिळाले ते मुंबईच्या गव्हर्नरांचे. दक्षिणेतील संस्थानिकांकडून देणग्या मिळविण्यात महादेव बल्लाळ नामजोशी यांनी अपार खटपट केली. या संस्थेचा खरा शोध मात्र तिच्या घटनेत आहे. देणगीदारांना आश्रयदाते व फेलो म्हणून मानाचे स्थान आणि नियामक मंडळात प्रतिनिधित्व दिले गेले. दैनंदिन कारभार मात्र वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याची प्रतिज्ञा केलेल्या आजीव सदस्यांच्या हाती राहिला. देणाऱ्याला मान आणि राबणाऱ्याला अधिकार, अशी ही वाटणी होती. तीही निर्वेध चालली नाही. आजीव सदस्यांनी बाहेरून उत्पन्न मिळवावे की नाही, या वादाची परिणती 1890 मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली. म्हणजे पहिले मोठे भांडण दात्याशी झालेच नाही. ते त्यागाचा अर्थ काय, यावरून सेवकांतच झाले.

दात्याच्या अटीचे ठळक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे. 1916 मध्ये निघालेले हे विद्यापीठ कर्व्यांच्या गावोगावच्या भ्रमंतीवर आणि लहान वर्गण्यांवर चालले होते. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्क्यांनी तिचे वार्षिक व्याज 52,500 रुपये होते. विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. 1936 मध्ये मुख्य ठाणेही पुण्याहून मुंबईस गेले. या देणगीने विद्यापीठ जगले, हे नि:संशय. तरीही त्यानंतर वयाच्या सत्तरीत असलेले कर्वे विद्यापीठाच्या कार्यासाठी परदेशी हिंडले, 1930 च्या अखेरीस आफ्रिकेच्या प्रवासास निघाले, ही गोष्ट विसरता येत नाही. मोठी देणगी संस्थापकाला दारोदार फिरण्यातून मुक्त करते, हा समज बराचसा भाबडा आहे.

भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने याच्या उलट टोक गाठले. घरातील स्त्रीने दळणातून वा स्वयंपाकातून मूठभर धान्य बाजूस काढावे आणि ते वसतिगृहास द्यावे, ही मुष्टिफंडाची पद्धत. मूठभर धान्य देणारीचे नाव इमारतीवर कोरता येत नाही. म्हणून या निधीला कोणी एक धनी उरत नाही. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे नाव बदलण्याच्या अटीवर आलेली मोठी रक्कम भाऊरावांनी नाकारली, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. तिचा तपशील काहीही असो, नकार देण्याचे बळ कोणत्या निधीतून येते, हे तीवरून कळते. रोख रकमेची निकड मात्र धान्याने भागत नसे. तेथे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले.

अक्कलकोटात दानाचा प्रवाह नवा नव्हता. 1878 मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांमुळे या गावी दूरदूरचे भाविक येतात. 1988 पासून तेथे अन्नछत्र मंडळाचे कार्य चालू आहे. मराठी व कानडी या दोन्ही भाषा बोलणाऱ्या या तालुक्यातील लिंगायत समाजात दासोहाची, म्हणजे श्रमाने मिळविलेले समाजास अर्पण करण्याची, परंपरा आहे. पण भाविकाच्या दानाला पंगतीत तत्काळ फळ दिसते. प्रयोगशाळेला दिलेल्या रुपयाचे फळ दिसण्यास वर्षे जातात. शिक्षणसंस्थेच्या चालकांना ही अडचण सतत जाणवते. 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने देवस्थान आणि शिक्षणसंस्था यांना एकाच धर्मादाय आयुक्ताच्या देखरेखीखाली आणले व दोघांनाही हिशेब तपासून घेणे बंधनकारक केले. दात्याच्या मनातील हा भेद पुसणे कायद्याच्या आवाक्यात नव्हते.

येथे नावातील क्रम पाहण्यासारखा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने अध्यक्षपदाचा मान कोल्हापूरच्या छत्रपतींना दिला होता. अक्कलकोटच्या फलकावर विजयसिंह, म्हणजे संस्थानाचे अखेरचे राज्यकर्ते, वाणिज्य शाखेस लाभले आहेत आणि त्यांचे उत्तराधिकारी जयसिंह कला शाखेस. त्यांच्या आधी बसवेश्वर आहेत, आणि सर्वांच्या आधी खेडगी.