मत्स्यगंधा, संगीत

महाभारताच्या आदिपर्वातील सत्यवती ऊर्फ मत्स्यगंधा हिच्या कथेवर वसंत कानेटकर यांनी लिहिलेले संगीत नाटक. ‘धि गोवा हिंदु असोसिएशन’ या संस्थेने ते 1964 मध्ये रंगभूमीवर आणले. पदे कानेटकरांचीच असून संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आहे.

कथा : मूळ आख्यानात कोळ्याघरी वाढलेल्या सत्यवतीला पराशर ऋषीपासून व्यास हा पुत्र होतो, ऋषीच्या वराने तिचे कौमार्य अबाधित राहते आणि पुढे शंतनू राजाशी तिचा विवाह व्हावा म्हणून त्याचा पुत्र देवव्रत (भीष्म) आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो. कानेटकर वराच्या चमत्काराला महत्त्व न देता पराशराने सत्यवतीचा केलेला त्याग हेच कथेचे मूळ मानतात, आणि त्या दुखावलेपणातून तिच्यात जागी झालेली सत्तेची ओढ भीष्मप्रतिज्ञेपर्यंत कशी पोचते, हे दाखवतात. अशा नाटकास पौराणिक म्हणावे की पुराणाच्या आधाराने उभे राहिलेले मनोविश्लेषणात्मक नाटक, याविषयी मतभेद संभवतात.

संगीत : अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) या नाटकांपासून पौराणिक कथा पदांतून पुढे नेण्याची प्रथा पडली; पुढे नाटककार कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (1916) मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालातील (शास्त्रीय गायनाच्या एका प्रकारातील) बंदिशींच्या (ठरीव स्वररचनांच्या) आधारे चाली दिल्या, तेव्हा गायन इतके विस्तारले की ‘वन्स मोअर’च्या आग्रहात प्रयोग रात्रभर लांबत आणि कथा बाजूला थांबून राही. अभिषेकींनी रागाचा आधार सोडला नाही, पण आलापी (रागाचा संथ स्वरविस्तार) आखडती घेतली, मुखडा (पदाची पहिली, पुन्हा पुन्हा येणारी ओळ) ठसठशीत केला आणि पद प्रसंगाच्या मनःस्थितीशी बांधले. पुराणाची फेरमांडणी संहितेत जितकी झाली तितकीच ती या चालींतही झाली, आणि नाटकाचे खरे नावीन्य येथेच मानावे लागते. पराशराच्या भूमिकेतील रामदास कामत व सत्यवतीच्या भूमिकेतील आशालता वाबगावकर या दोघांच्या गायनाने ही पदे घरोघर पोचली. नाट्यसंगीताच्या मैफलींत ती आजही नाटकापासून सुटी करून गायिली जातात.

नेपथ्य : पौराणिक वातावरणास अनुरूप.

बोलपटाच्या आगमनानंतर ओसरलेल्या संगीत रंगभूमीला विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ने (1960) पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला होता. ‘मत्स्यगंधा’नंतर 1966 मध्ये ‘धि गोवा हिंदु असोसिएशन’नेच वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ सादर केले. त्याचेही संगीत अभिषेकींचे होते, आणि त्यातील देवयानी ही पौराणिक नायिका याआधी खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’मध्ये (1913) रंगभूमीवर येऊन गेलेली होती.