चांदीवरचा छाप आणि इतिहासाची साक्ष

भांड्यांवर नाव घालण्याची रीत आपल्या घरोघरी आहे. पण आजीचे नाव घातलेला पेला पुढे नातीच्या संसारात नांदतो. भांड्यावरचे नाव हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. इंग्लंडच्या राजघराण्यातली म्हणून मिरविणाऱ्या जुन्या चांदीच्या भांड्यांकडे पाहतानाही हाच विवेक ठेवावा लागतो.

या भांड्यांवर बारीक छाप असतात. १३०० साली पहिल्या एडवर्डने कायदा करून भांड्यांच्या चांदीचा कस नाण्याइतका, म्हणजे हजारात ९२५ भाग, ठरविला आणि तपासलेल्या मालावर बिबळ्याच्या मुखाचा छाप आवश्यक केला. १४७८ पासून वर्षाचे अक्षर आले, १५४४ पासून सिंह आला. १७८४ ते १८९० या काळात राजाचे वा राणीचे मुखही उमटे. पुष्कळांना ती राजाच्या मालकीची खूण वाटते. वस्तुतः ती कर भरल्याची पावती!

बरे, कोरलेले राजचिन्ह तरी निर्णायक मानावे? तेही नाही. परदेशी जाणाऱ्या वकिलांना राजाच्या जवाहिरखान्यातून राजचिन्हांकित भांडी मिळत, आणि त्यांतली कित्येक त्यांच्याच घरी राहिली. त्या ताटात राजा कधी जेवलाही नसेल.

मग राजांची स्वतःची चांदी गेली कोठे? बरीचशी मोडीत गेली. चांदीचे ताट म्हणजे अडीनडीचे नाणेच. यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सने ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची चांदी वितळवून सैन्याचे पगार भागविले. १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाल्यावर पार्लमेंटने राज्याभिषेकाची साधनेही वितळविण्यास काढली.

त्या आटणीतून एक चमचा वाचला. अभिषेकाचे तेल घेण्याची ही मुलामा दिलेली चांदीची पळीच म्हणा ना! ती बाराव्या शतकातली, म्हणजे छापाच्या कायद्याआधीची. तरी तिच्याविषयी शंका उरत नाही. कारण १३४९ च्या यादीत तिची नोंद आहे. १६४९ च्या विक्रीत राजाच्या पदरच्या क्लेमेंट किनर्स्लीने ती १६ शिलिंगांना घेतली आणि पुढे दुसऱ्या चार्ल्सला परत केली. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकातही तीच वापरली गेली.

छाप कस सांगतो. भांडे कोणाच्या हातून कोणाकडे गेले, हे मात्र याद्याच सांगतात. म्हणून कोणी राजचिन्ह दाखविले, तर आधी कागद मागावा. आणि आपल्या घरच्या पेल्याची हकीकत आजी आहे तोवर वहीत उतरवून ठेवावी.