अठ्ठ्याण्णव तोफांचा हिशेब

शाळेत मी एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला. त्यातली निदान वीस वर्षे, दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा धडा आला की मी फळ्यावर दोन रकाने आखत असे. एका रकान्यात मराठे, दुसऱ्यात इंग्रज. मराठ्यांच्या रकान्यात तलवार, भाला, घोडा; इंग्रजांच्या रकान्यात बंदूक, तोफ, कवायत. खाली एक रेघ आणि निष्कर्ष : आधुनिक शस्त्रांपुढे शौर्य थिटे पडले. मुलांना ते पटे, परीक्षेत चार गुण मिळत आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात एक दिलासा वाटे. शस्त्रे नव्हती म्हणून हरलो, म्हणजे दोष आपला नव्हे, काळाचा.

एका वर्षी नववीच्या मुलांची सहल असईला नेली. जालना जिल्ह्यातले हे गाव केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. नदीकाठी उभा राहून मी २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई सांगत होतो. सांगता सांगता म्हणालो, की संध्याकाळपर्यंत आर्थर वेलस्लीच्या हाती ९८ तोफा लागल्या. मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, "सर, आपल्याकडे तोफा नव्हत्या ना? मग त्या होत्या कोणाच्या?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि निवृत्तीनंतरही गेला नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

रणांगणावरची मोजदाद

आधी आकडेच मांडू. असईला वेलस्लीजवळ सुमारे साडेचार हजार कवायती फौज होती : स्कॉटिश हायलँडर्सच्या दोन पलटणी, गोऱ्या घोडेस्वारांची एक, मद्रासकडील शिपायांच्या पलटणी आणि देशी घोडदळ. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांकडचे मिळून पाच हजारांच्या आसपास स्वार होते. पेशव्यांच्या या स्वारांबरोबर बापू गोखले होते. पुढे १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांशी लढताना पडले, तेच हे बापू गोखले. वेलस्लीच्या तोफा वीसच्या आसपास आणि बहुतेक हलक्या होत्या.

समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. घोडदळ तीस ते चाळीस हजार. पण खरी ताकद घोडदळात नव्हती. ती होती शिंद्यांच्या दहा हजारांहून अधिक कवायती पायदळात आणि शंभराच्या वर तोफांत. त्यांत बेगम समरूच्या पलटणीही होत्या. या पायदळाचे नेतृत्व हॅनोव्हरहून आलेल्या अँथनी पोलमनकडे होते.

म्हणजे माझा फळा साफ उलटा होता. तोफा शिंद्यांकडे पाचपट होत्या आणि त्या नुसत्या शोभेच्याही नव्हत्या. वेलस्लीने वाटाडे 'उतार नाही' म्हणत असताना, समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून तिथे उतार असलाच पाहिजे असा अंदाज बांधला आणि नदी ओलांडली. मराठी फौजेच्या बगलेवर तो आला. कच्च्या फौजेची अशा वेळी गाळण उडते. पोलमनच्या पलटणींनी मात्र तोफांसह आपली आघाडी फिरवून नव्या दिशेला तोंड केले. हजारो माणसांनी शत्रूच्या नजरेसमोर अशी रांग बदलणे हे वर्षानुवर्षांच्या कवायतीशिवाय होत नाही.

त्यानंतर तोफखान्यांची झुंज झाली आणि ती इंग्रज हरले. त्यांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज इतके मारले गेले, की तोफा जागच्या हलेनात. शेवटी वेलस्लीने त्या मागे सोडून पायदळाला संगिनी चढवून धाडले. ७४ वी पलटण असई गावाच्या रोखाने भरकटली आणि जवळजवळ संपली. मराठी गोलंदाज तोफेपाशीच कापले गेले. काही मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागू लागले. इंग्रजांचे ठार आणि जखमी मिळून पंधराशेच्या वर गेले. कवायती फौजेतला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या सेनापतीने म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेतले.

लढाईनंतरच्या पत्रांत वेलस्लीने मान्य केले, की आपल्या फौजेचा अपवाद सोडला तर हिंदुस्थानात इतके उत्तम पायदळ पाहिले नाही आणि साधनसामग्रीत ते टिपूच्या फौजेच्या कितीतरी पुढे आहे. हाती लागलेल्या पितळी तोफांचेही त्याने कौतुक केले.

या तोफा आल्या कुठून?

या फौजेचा पाया महादजी शिंद्यांनी घातला. १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयचा बन्वा द बॉइन्य याला चाकरीत घेतले. आपल्या कागदांत तो 'डिबॉईन' होतो. सुरुवात दोन पलटणींनी झाली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पायदळाने राजपुतांचे नामांकित घोडदळ मोडले. मग एकामागून एक कंपू उभे राहिले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या, बंदुका तयार होऊ लागल्या. हत्यारे परकीयांकडून विकत घेऊन ही फौज सजवलेली नव्हती. तिचे कारखाने आपल्याच मुलखात होते.

पण डिबॉईनने केलेली सर्वांत मोठी गोष्ट तोफेची नव्हती, पगाराची होती. गंगा-यमुनेच्या दुआबातले परगणे फौजेच्या खर्चासाठी त्याने जायदाद म्हणून लावून घेतले. त्या वसुलातून शिपायाला वेळेवर तनखा मिळे. जखमी झाला तर भरपाई मिळे. मराठी फौजेच्या जुन्या पद्धतीत शिपाई सरदाराचा, सरदार सरंजामाचा आणि तनखा देव देईल तेव्हा. थकबाकीसाठी शिपायांनी आपल्याच सरदाराच्या दारात धरणे धरायचे, हा जणू रिवाज. तो रिवाज या कंपूंपुरता मोडला गेला.

तापलेली तोफ

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. डिबॉईन १७९५ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने चाकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला. गादीवर विशीतही न पोचलेले दौलतराव. उत्तरेतला वसूल उत्तरेतल्या कंपूंना पुरे, पण दक्षिणेत तळ देऊन बसलेल्या फौजेचे काय? पुण्याच्या राजकारणात पाय रुतलेला, महादजींच्या विधवांशी उघड युद्ध पेटलेले आणि पगाराची थकबाकी दर महिन्याला चढती.

१७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी यावर जो उपाय केला, तो पुणे शहर पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाही. सावकार, कारभारी, पैसेवाले धरून आणले गेले. त्यांना मारहाण झाली, हाल झाले, आणि पैसा निघावा म्हणून माणसाला तापवलेल्या तोफेला बांधल्याची हकिकतही नमूद आहे.

त्या हकिकतीपाशी मी दरवेळी थांबतो. ज्या तोफांनी राज्य राखायचे, त्यांचे पोट भरायला त्याच तोफा आपल्या सावकाराच्या पाठीला लावाव्या लागल्या. त्या वर्षी शिंद्यांना पैसा मिळाला असेल, पण त्याच्या बदल्यात पत गेली. उद्या युद्ध उभे राहिले तर हुंडी लिहून द्यायला कोण पुढे येणार? तोफ ओतता येते. पत ओतता येत नाही.

कंपनीचे चित्र नेमके उलटे होते, आणि तिच्या चांगुलपणामुळे नव्हे. तिच्या शिपायांचेही पगार अडकत, तिच्या फौजेतही असंतोष होता; १८०६ चे वेल्लोरचे बंड फार दूर नव्हते. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाने, कंपनीला कर्जात बुडवले होते. पण ते कर्ज मिळत होते हेच महत्त्वाचे. मागे बंगालचा वसूल उभा होता आणि देणे बुडणार नाही असा सावकाराचा विश्वास होता. त्या सावकारांत आपले हिंदी पेढीवालेही होते. आपल्याच देशातला पैसा जिथे सुरक्षित वाटला तिथे गेला.

ऑगस्टमधले युद्ध

तयारीचा दुसरा अर्थ मला बैलांनी शिकवला. मराठी मोहिमेचा मुहूर्त दसऱ्याचा. पावसाळा ओसरावा, नद्या उतराव्यात, मग शिलंगण. वेलस्लीने ऑगस्टमध्ये युद्ध सुरू केले आणि १२ तारखेपर्यंत अहमदनगरचा किल्ला घेतलाही. हा उतावीळपणा नव्हता. नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळाची चपळाई लंगडी पडते. ज्याच्याजवळ होड्या आहेत तो चालत राहतो, हा हिशेब त्याने आधीच मांडला होता. तोफा-सामान ओढायला टिपूच्या राज्यातून हाती आलेल्या अमृतमहाल जातीचे बैल होते, धान्याला वंजाऱ्यांचे तांडे बांधून घेतले होते. पत्रापत्रांतून हा माणूस बैल, तांदूळ आणि होड्यांबद्दल लिहितो. शौर्यकथेत या गोष्टींना जागा नसते, म्हणून माझ्या फळ्यावरही त्या कधी आल्या नाहीत.

भाड्याचे डोके

मग अधिकारी. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांनी बाहेर पडावे, कंपनी त्यांची सोय लावील. कित्येक गेले. ४ सप्टेंबरला अलीगढचा बळकट किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांना दरवाजापर्यंतची वाट दाखवणारा ल्यूकन हा शिंद्यांकडूनच फुटून आलेला अधिकारी होता. काही दिवसांतच खुद्द पेराँ, म्हणजे उत्तरेतल्या साऱ्या कंपूंचा सेनापती, आपली दौलत सांभाळत जनरल लेकच्या आश्रयाला गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ लढाई झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बूर्कँही शरण आला.

आणि शिपाई? १ नोव्हेंबरला लासवारीला उत्तरेतल्या उरलेल्या पलटणी लेकपुढे उभ्या राहिल्या. गोरे अधिकारी जवळजवळ सगळे निघून गेलेले, नेतृत्व सरवरखानाकडे. मागे धनी नाही, पगाराची शाश्वती नाही, पुढे जिंकण्याची आशा नाही. तरी ते तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजांचे आठशेच्या वर ठार-जखमी झाले. लेकने कळवले, की असा बिकट प्रसंग आपल्यावर कधी आला नव्हता. यांना त्यांचे फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती.

लेकच्या त्या शेऱ्याचा अर्थ मी वेगळा लावतो. फ्रेंच अधिकारी का लागावेत? वीस वर्षे ही फौज अस्तित्वात होती. गोलंदाज आपला, शिपाई आपला, तोफ आपल्या भट्टीतली. त्या वीस वर्षांत सबंध कंपू चालवू शकेल असा वरचा अधिकारी आपल्यातून का तयार केला गेला नाही? सरवरखानाला संधी मिळाली ती सगळे पळून गेल्यावर.

गनिमी कावा सोडला म्हणून?

इथे एक जुना आक्षेप आहे, आणि तो वेलस्लीनेही मांडला होता : मराठ्यांनी कवायती पायदळाच्या नादी न लागता घोडदळाची धावती लढाई ठेवली असती तर ते अधिक भारी पडले असते. आपल्याकडेही हे मत लोकप्रिय आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनची जी दाणादाण उडवली, ती कंपनीला जन्मभर झोंबली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीग आणि फर्रुखाबादला होळकरांचीही दोन्ही अंगे, पायदळ आणि घोडदळ, तुटली. तेव्हा प्रश्न घोडा की तोफ असा नाही. असईला शिंद्यांकडे दोन्ही होते. पायदळ मरत असताना तीस-चाळीस हजार स्वार जवळजवळ स्वस्थ होते आणि दोन्ही धनी मैदान सोडून गेले होते. आणि १८०३ मध्ये शिंदे-भोसले लढत असताना होळकर बाजूला उभे होते. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा शिंदे-भोसले तह करून बसले होते. एक वर्ष आधी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, याच होळकरांनी याच शिंद्यांच्या पलटणी पुण्याजवळ हडपसरला कापल्या होत्या. बाजीराव पळून वसईला गेले ते त्यामुळेच, आणि वसईच्या तहातूनच हे युद्ध उभे राहिले.

आजही दोन देशांत तणाव वाढला, की दूरदर्शनच्या पडद्यावर दोन रकाने येतात. यांचे रणगाडे इतके, त्यांची विमाने तितकी. ते आकडे खोटे नसतात. माझ्या फळ्यावरच्या रकान्यांपेक्षा खरेच असतात. पण असईचा तक्ता असाच मांडला असता, तर तोफांच्या ओळीत शिंदे पाचपट पुढे दिसले असते. पगार किती महिने थकलाय, वरचा अधिकारी उद्या सकाळी कोणाच्या तळावर असेल, सावकार कोणावर विश्वास ठेवतो, शेजारचा भाऊबंद येईल की बघत बसेल, या ओळी पडद्यावर मावत नाहीत.

ती मुलगी आज कुठे आहे मला ठाऊक नाही. भेटली तर सांगेन : त्या तोफा आपल्याच होत्या, पोरी. चांगल्या होत्या, आणि त्यांच्यापाशी मेलेली माणसेही आपलीच होती. मी तुम्हाला वीस वर्षे ते सांगितले नाही, कारण तोफा नव्हत्या असे म्हणणे सोपे होते.