आज्ञा ऐकतो कोण? दुरून संगणक बंद-चालू करण्याचे तंत्र

दूरच्या खोलीतला संगणक बंद करायला टर्मिनलवर एक ओळ पुरते. तोच पुन्हा चालू करायचा झाला, तर ती ओळ कोणाला उद्देशून लिहायची? आज्ञा ऐकायला त्या क्षणी यंत्रात जागे कोण आहे, यावरच पुढचे सगळे ठरते. ऐकणारे तिघे असू शकतात: चालू ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क कार्ड आणि मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक.

यांतली ऑपरेटिंग सिस्टिम सर्वांत शहाणी. एसएसएचने आत शिरून ‘सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ’ म्हटले, की चालू सेवा थांबतात, मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरतो आणि मगच वीज जाते. भीती असते ती भलत्याच सर्व्हरच्या खिडकीत आज्ञा दिली जाण्याची. डेबियनमधले ‘मॉली-गार्ड’ म्हणूनच एसएसएचवरून यंत्र बंद करू पाहणाऱ्याला आधी त्या यंत्राचे नाव टाइप करायला लावते. एवढी आडकाठी प्रत्येक सर्व्हरवर असावीच.

यंत्र बंद असले तरी प्लग चालू असेल, तर एटीएक्स वीजपुरवठा 5 व्होल्टची एक वाहिनी जिवंत ठेवतो. नेटवर्क कार्ड तिच्यावर जागे राहते. ‘वेक-ऑन-लॅन’चे मॅजिक पॅकेट म्हणजे एफएफ हा बाइट 6 वेळा आणि पुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता 16 वेळा, मिळून 102 बाइट. योजना सुटसुटीत आहे, पण पोच मिळत नाही. आज्ञा बिनचूक पार पडली याचा अर्थ पॅकेट निघाले, इतकाच. यंत्र उठले की नाही, ते पिंग करून पाहावे लागते. शिवाय हे पॅकेट ब्रॉडकास्टने जाते, आणि ब्रॉडकास्ट सहसा राउटर ओलांडत नाही. म्हणून त्याच नेटवर्कात कायम चालू असलेले एखादे लहान यंत्र ठेवून त्याच्याकडून हाक देववतात.

खरी सत्ता तिसऱ्याच्या हाती असते. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी, याला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचा आयपी पत्ता असतो. मुख्य यंत्र गोठले तरी तो उत्तर देतो. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी 1998 मध्ये आणलेले आयपीएमआय हे प्रमाण त्याच्याशी बोलण्यासाठीच आहे, आणि ‘आयपीएमआयटूल’ हे त्याचे नेहमीचे साधन. त्यात ‘चॅसिस पॉवर’पुढचा शब्द फार जपून निवडावा. ‘सॉफ्ट’ म्हटले तर बीएमसी पॉवर बटण दाबल्याचा किंवा यंत्र अतितापल्याचा बहाणा करतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःहून आवरते घेते. ‘ऑफ’ कोणालाही विचारत नाही. लिनक्समध्ये डिस्कवर न उतरलेला मजकूर साधारण 30 सेकंद मेमरीत राहू शकतो. ‘ऑफ’ने तो गेलाच म्हणायचा. ‘सायकल’ चालू यंत्राची वीज किमान एक सेकंद तोडून पुन्हा देते. बंद यंत्रावर मात्र तिने काहीच करू नये, अशी शिफारस आहे. म्हणून आधी ‘स्टेटस’ विचारावे, मग हुकूम सोडावा. आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा ‘चॅसिस पॉलिसी’ही ठरवून ठेवावी: वीज परतल्यावर यंत्र चालू व्हावे, बंद राहावे की पूर्वस्थितीत यावे, हे ती सांगते.

पासवर्ड ‘-पी’ पर्यायाने आज्ञेतच लिहिण्याची सवय वाईट; तो प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. फाइलमधून वाचणारा ‘-एफ’ बरा. याहून मोठा दोष 2013 मध्ये चर्चेत आला. आयपीएमआय 2.0 मध्ये वापरकर्त्याचे खरे नाव सांगणाऱ्याला बीएमसी ओळख पटण्याआधीच पासवर्डापासून बनवलेला हॅश देऊन टाकतो. तो घरी नेऊन निवांत फोडता येतो. ही खोट प्रमाणातच असल्याने फर्मवेअर बदलून जात नाही. एचटीटीपीएसवर चालणारे 2015 चे रेडफिश हा चांगला पर्याय आहे, पण जुने सर्व्हर ते बोलत नाहीत. तेव्हा बीएमसीला वेगळे नेटवर्क द्या, त्याच्या पुढे व्हीपीएन ठेवा, आणि यूडीपी 623 हे पोर्ट इंटरनेटला उघडे असेल तर आजच बंद करा.